पक्की लाईन कुणाला

त्या सकाळी मी आमच्या गल्लीच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नसते, असे अर्जनवीस म्हणाले. आधी आपण शुद्धीवर आहोत हे सांगायचे, मग बाकीचे. परंतु माझे डोळे त्या सकाळी उघडले, तेव्हा शुद्धीचा पुरावा म्हणून तीच आधी लिहितो.

कित्येक दिवस टाकीत पाणी नव्हते. नळाखाली भांड्यांची रांग लागायची, नळ नुसता फुसफुसायचा आणि लोक रिकामी भांडी घेऊन घरी जायचे. बोअर आटली असे सगळे म्हणत होते. मीही तेच म्हणत होतो. गल्लीच्या तोंडाशी नर्सबाईंची बाळंतपणाची दोन खोल्यांची जागा आहे. तिथे आदल्या दिवशी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला त्यांनी दुकानातल्या बाटलीच्या पाण्याने पुसून घेतले होते. मग ती रिकामी बाटली त्या माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवून गेल्या. ती पाहून मी क्षणभर देवापुढे उभा राहिलो, पाना खिशात घातला आणि टाकीला शिडी लावली.

टाकीच्या आत एक तरंगता गोळा आहे. तो मीच बसवला. पाणी चढले की गोळा वर येतो, पंप बंद होतो, आणि मगच आमच्या शेडमधल्या यंत्रांना वीज मिळते. पाणी उतरले की गोळा खाली, यंत्रे बंद, पंप चालू. झाकण उघडून पाहिले तर टाकी कोरडी आणि गोळा वरच! निळ्या तारेने दांडीला बांधलेला. गाठ सुबक होती. दुहेरी, आणि तारेचे टोक आत दडवलेले, कुणाच्या हाताला बोचू नये म्हणून. खरे सांगतो, आधी मला बरेच वाटले, की कुणीतरी मन लावून काम केले आहे. मग ध्यानात आले की अशी गाठ मारणारे या गल्लीत दोघेच आहेत. एक मी. दुसरा माझा धाकटा भाऊ, ज्याला ती मी शिकवली.

तार सोडवून घेऊन उतरताना अर्ध्या शिडीवर छाती दाटून आली. समोरच्या शिंपीकाकांनी गळ्यातल्या टेपसकट धावत येऊन शिडी धरली. "मिस्त्री, चढायची घाई केलीस ती केलीस, आता उतरायची करू नकोस," म्हणाले. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ऑपरेशन करावे लागेल. काका म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केलेस आणि स्वतःचा व्हॉल्व्ह तपासला नाहीस!" ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. म्हणून हा कागद.

तर आता रीतीप्रमाणे. मी, ज्याला ही गल्ली अजूनही बर्फवाला मिस्त्री म्हणते, धंद्याने वायरमन व मोटार-रिवाइंडिंगवाला, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, बिघाड आहे तो छातीत. मला कुणी धमकावलेले नाही, कुणी गोड बोलून फसवलेले नाही. धाकट्याने गोड बोलून पाहिले, पण त्याचा उपयोग झाला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. खाली लिहिलेले सर्व माझ्या कष्टाचे आहे किंवा ज्यांनी दिले त्यांनी राजीखुशीने दिलेले आहे. माझ्या पश्चात त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. ती माझ्या मुलीने पाहावी. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते आणि वर्गात गोंगाट चालू असला तरी आवाज न चढवता बोलते. आमच्या घरात ती कला दुसऱ्या कुणाकडे नाही.

कलम एक. राहते घर बायकोचे. ते कागदावर माझे असले तरी भिंतीत खिळा ठोकायचा तर आजवर तिलाच विचारावे लागले आहे, तेव्हा फारसा बदल होणार नाही. घरावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. धाकट्याचे कुटुंब मागच्या खोलीत राहते, ते तिची मर्जी असेतोवर राहावे. "माझी जाऊ आणि मी एका ताटात जेवतो, तुम्ही भाऊभाऊ भांडा हवे तितके," असे तिने आधीच बजावले आहे. ती मर्जी फिरेल असे मला वाटत नाही.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते ऑपरेशनचा खर्च जाऊन मुलीचे. बाई, यावर वाद घालू नकोस. तुला नको असेल तर आईला दे, पण काकाला देऊ नकोस. तो आणखी यंत्रे घेईल.

कलम तीन. कोपऱ्यावर स्टॅबिलायझर विकणारा जो आहे, त्याने गेली अनेक वर्षे गिऱ्हाइकांना सांगितले की मिस्त्रीने नव्याने तार भरलेली मोटार टिकत नाही. त्याच्या स्वतःच्या दुकानातला पंखा मी भरलेला आहे आणि तो त्याच पंख्याखाली बसून हे सांगतो. त्याला मी माझा व्होल्टमीटर देतो. जन्मभर त्याने व्होल्टेज अंदाजाने सांगितले. आता बघून सांगावे.

कलम चार. दुकान, वाइंडिंगचे यंत्र, तांब्याची तार, पाने, पक्कड, लाकडी हातोडी, सगळे धाकट्याचे. त्याच्यासारखा हात माझाही नाही. तो लहान असताना बाबा गेले. मी त्याला दुकानात मांडीवर बसवून तारेचे वेढे मोजायला शिकवले. तो मोजता मोजता झोपायचा आणि जागा झाला की पुढचा आकडा बरोबर म्हणायचा. पुढे त्याला मोटारी भरण्याचा कंटाळा आला. जळके सोडवून पुन्हा भरायचे, ते पुन्हा जळणार, याला काम म्हणतात का, असे तो विचारायचा. मी म्हणायचो, देवसुद्धा दुसरे काय करतो? त्यावर तो हसायचा, पण शेवटी त्याने मुक्काम मोठ्या शहरात हलवला.

कलम पाच. हे यंत्रांबद्दल आहे आणि जरा लांबेल.

जिथे आज यंत्रे आहेत ती शेड पूर्वी बर्फाचा कारखाना होती. मी तिथला मिस्त्री. आमचा बर्फ मासळीबाजारात जायचा आणि मोठ्या इस्पितळातही. बर्फाला वीज सारखी लागते, म्हणून मालकांनी खटपट करून इस्पितळाला वीज पुरवणाऱ्या फीडरवरून वेगळी लाईन ओढून घेतली होती. वस्तीची वीज दिवसातून कितीदा जाते याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण ती लाईन सहसा जात नाही. गल्ली तिला पक्की लाईन म्हणते. बाजारात लोकांनी बर्फाची आपापली यंत्रे आणली तेव्हा कारखाना बसला. मालक थकले होते, मूलबाळ नव्हते. त्यांनी शेड माझ्या नावाने करून दिली आणि लाईनही माझ्या नावावर चढवली. जाताना एवढेच म्हणाले, "मिस्त्री, मशीन गंजलं तरी चालेल, ही लाईन कुणाच्या घशात घालू नकोस." मी गल्लीच्या टाकीचा पंप तिच्यावर जोडला. गल्लीने मला डोक्यावर घेतले. तसे डोक्यावर बसणे मला आवडत होते, हेही लिहून ठेवतो.

मग धाकटा शहरातून परतला. सोबत टेम्पोभर जुनी यंत्रे, बुटांच्या खोक्याएवढी, दोन्ही तोंडांना पंखे. कुणाचातरी धंदा बुडाला होता, त्याच्याकडून घेतली. त्यासाठी त्याच्या बायकोच्या अंगावरचे दागिने गहाण पडले होते.

"दादा, जगभर अशी यंत्रं लागलीत," तो म्हणाला. "सगळी मिळून एक आकडा शोधतात. ज्याला सापडला त्याला डिजिटल नाणं."

शिंपीकाका दारातच उभे होते. "म्हणजे आकडा लावायचा. फक्त घाम यंत्राचा."

"काका, जुगार नाही हा. हिशेब आहे. या हिशेबावरच ते नाणं उभं आहे."

"दिसतं कसं ते?"

"दिसत नाही."

आमची ही आतून म्हणाली, "मग यांचा लगेच विश्वास बसेल. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायची यांना सवयच आहे."

मी हसलो आणि हो म्हटले. मला तो परत आलेला हवा होता. यंत्रांना वीज सारखी लागते, आणि तशी वीज आमच्याकडेच होती. मी एकच अट घातली, आधी पाणी. त्याकरता तो गोळा बसवला, म्हणजे माणसाच्या शब्दावर काही राहू नये. पंप आणि यंत्रे एकदम चालली तर फ्यूज उडतो, म्हणून टाकी भरली की यंत्रे, तोवर नाही. गल्लीने यंत्रांचा आवाज याच अटीवर सोसला. आवाज म्हणजे भिंतीत मधमाश्यांचे पोळे असावे तसा. सुरुवातीला मी शेडमध्ये जाऊन डोळे मिटून ऐकत बसायचो. वाटायचे, हा अखंड जप आहे, फक्त नाव कुणाचेच नाही.

नाण्याचा भाव चढला तेव्हा धाकट्याने आणखी यंत्रे आणली. भाव पडला तेव्हाही आणली, म्हणे आता स्वस्त झाली. बोअरला पाणी हळू येते, टाकी भरायला अर्धा दिवस जातो, तेवढा वेळ यंत्रे गप्प बसतात, हे त्याला सोसेना. तेव्हा त्याने गोळा बांधला.

त्या सकाळी टाकीवरून उतरल्यावर मी निळी तार त्याच्यापुढे धरली. त्याने नाही म्हटले नाही.

"दादा, पाणी टँकरनंही येतं," तो म्हणाला. "वीज टँकरनं येत नाही."

"टँकर या गल्लीत वळत नाही."

"मग बोळाच्या तोंडाशी उभा करू. मी पैसे देतो! महिनाभर दे मला फक्त, हिचे दागिने सुटू देत. मी काय चैन करतोय का?"

तो चैन करत नव्हता. एकच शर्ट धुऊन वापरत होता, यंत्रांच्या उष्णतेत झोपत होता. त्याने देवाची शपथ घेतली की पुन्हा गोळ्याला हात लावणार नाही. मी ठेवला विश्वास. मग तपासण्यांसाठी मला इस्पितळात राहावे लागले. परत आलो तर नळाखाली भांड्यांची रांग. या वेळी मी स्वतः न चढता शिंपीकाकांना वर पाठवले. गोळा सोडवून शिंपीकाका खाली आले आणि तार माझ्या हातात दिली. गाठ तीच, टोक आत दडवलेले.

तर यंत्रे सगळी धाकट्याची. आजवर मिळालेले नाणे त्याच्या फोनमध्ये आहे म्हणतात. त्यातला माझा अर्धा वाटाही त्याचा. मी तो कधी पाहिला नाही, त्यामुळे देताना हात जड होत नाही. त्यातून आधी भावजयीचे दागिने सोडवावेत. यंत्रे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. जिथे धरणाची वीज उतू जाते, रात्री वापरायला कुणी नसते, अशी ठिकाणे आहेत, हे तोच मला सांगत असतो. तिथे न्यावीत. इथे विजेचा एक घोट आहे आणि तोंडे पुष्कळ.

कलम सहा. शेड बायकोच्या नावे, भाडे तिला. तिथे पुन्हा कुणी बर्फ करणार असेल तर भाडे कमी घ्यावे. माझ्या मागे माझ्याबद्दल भाषणे नकोत. करायचीच झाली तर लाऊडस्पीकर वस्तीच्या कच्च्या लाईनीवर लावावा, म्हणजे ती आपोआप आटोपतील.

कलम सात. पक्की लाईन गल्लीच्या पाणी समितीला.

एवढेच लिहून मी अर्जनवीसांकडे कागद दिला होता. कोर्टाच्या आवारात झाडाखाली त्यांचे टेबल असते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ही ओळ चालायची नाही, मिस्त्री."

"का?"

"घर तुमचं, दुकान तुमचं. लाईन तुमची कुठाय? ती वीजमंडळाची. तुम्ही नुसते ग्राहक. ग्राहक गेला की वारसानं अर्ज करायचा, आणि जागा ज्याच्या ताब्यात त्याचं आधी ऐकतात. शेड कुणाच्या ताब्यात आहे?"

"भावाच्या. यंत्रं त्याची आहेत."

"मग झालं की! आणि हे साक्षीदार कोण? शिंपी आणि नर्स. पाणी कुठलं पितात?"

"त्याच टाकीचं."

"म्हणजे तुम्ही द्यायचं, त्यांनी घ्यायचं आणि वर सहीही त्यांनीच करायची. उद्या भावाच्या वकिलानं नुसती फुंकर मारली तरी उडेल."

घरी आलो. धाकट्याला सगळे सांगितले, लपवाछपवी मला जमत नाही. तो जेवत होता. हात ताटातच ठेवून हसला. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते मला लागले.

"लिही दादा, काय लिहायचं ते लिही. तू नसताना टाकीवर चढून बघायला सांगणार कोण?"

त्याची बायको त्याला म्हणाली, "असं बोलतात का?" पण तो खरेच बोलला होता. मी नसताना त्याला अडवणारा फक्त कागद असणार होता, आणि कागदाला शिडी चढता येत नाही. आजवर मी त्याला अडवायचे काम आधी गोळ्यावर सोपवले, मग शपथेवर, आता मृत्युपत्रावर सोपवत होतो. स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचे तेवढे टाळत होतो. ऑपरेशन टेबलावरून उठलो तर पुन्हा त्याच्याशी गोड राहता यावे, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी वीजमंडळाच्या कार्यालयात गेलो. अर्ज स्वतः लिहिला: शेडचे कनेक्शन बंद करावे, तोच विजेचा भार गल्लीच्या पाणी समितीच्या नावे करून मीटर टाकीपाशी हलवून द्यावा. मधले हेलपाटे लिहीत नाही. एका खिडकीवर मला विचारले, "पक्की लाईन सोडताय? बरे आहात ना?" मी म्हटले, नाही, बरा नाही, म्हणूनच जरा घाई करा. त्यांनी केली. त्यांचे भले होवो.

आज सकाळी लाईनमन आले. नवा मीटर टाकीच्या खांबावर बसला. शेडचा फ्यूज मात्र मी काढतो म्हणालो. यंत्रे एकदम गप्प होत नाहीत. पंखे रेंगाळत थांबतात, ओळीने, जणू एकमेकांना विचारून. धाकटा दारात उभा होता.

"एकदा विचारायचंस तरी, दादा."

"विचारलं असतं तर तू रडला असतास. आणि मी थांबलो असतो."

"आता रडलो तर?"

"रड. लाईन गेली."

तो रडला नाही. चिडून यंत्राच्या एका खोक्याला लाथ घातली, मग वाकून त्याला पोचा पडला का ते पाहिले. मी फ्यूज लाईनमनच्या हातात दिला. तेवढ्यात शिंपीकाकांनी बाहेरून हाक मारली, "मिस्त्री, नव्या मीटरवर पंप चालू होत नाहीये, वरचा गोळा पुन्हा अडकलाय वाटतं." माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मला शिडी बंद आहे हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिले. त्याने शर्टाची बाही वर सारली आणि तो शिडी चढला. वर बराच वेळ लागला. तिसऱ्यांदा कधी बांधला होता, मी विचारले नाही. खाली आल्यावर त्याने निळी तार गुंडाळून माझ्या खिशात घातली आणि म्हणाला, "तोडली नाही. सोडवली." पंप सुरू झाला.

तो माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, ते मला माहीत नाही. दुकानाची किल्ली मी त्याच्या उशाशी ठेवली आहे.

सबब कलम सात रद्द समजावे. त्यात जे द्यायचे होते ते मी जिवंतपणी, माझ्या हाताने देऊन मोकळा झालो आहे. ते आता माझ्या इस्टेटीत नाही, त्यामुळे खालच्या दोघांनी साक्ष करायलाही अर्जनवीसांची हरकत राहिलेली नाही.

वरील सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, आणि देवाला स्मरून सही केली.

सही: बर्फवाला मिस्त्री

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली, व त्याच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार पहिले: शिंपीकाका, समोरचे दुकान

साक्षीदार दुसऱ्या: नर्सबाई, बाळंतपणाची जागा, गल्लीचे तोंड

स्थळ: बर्फाच्या कारखान्याची शेड. दिनांक: मीटर हलवला त्याच दिवशी, दुपारी.

टीप: नर्सबाई एक बाळंतपण आटोपून, नळावर हात धुऊन तशाच आल्या. त्यांच्या सहीवर शाई पसरली आहे ती पाण्याने. ती खाडाखोड समजू नये.